वारसा आणि वैर

इ.स. ३८६ च्या शरद ऋतूत सीरियातल्या अंत्युखिया शहरात योहान नावाच्या धर्मोपदेशकाने हाती घेतलेली प्रवचनमाला मध्येच थांबवली. हाच पुढे योहान क्रिसोस्टम म्हणून ख्रिस्ती जगात संत ठरला. थांबण्याचे कारण तातडीचे होते. यहुद्यांचे नववर्ष, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मंडपांचा सण एकापाठोपाठ येऊन ठेपले होते आणि त्याच्या चर्चमधली माणसे सिनेगॉगकडे निघणार होती. कुणाला शिंगाचा नाद ऐकायचा होता, कुणाला यहुद्यांबरोबर उपास धरायचा होता. व्यवहारात शपथ घ्यायची तर ती सिनेगॉगमध्ये, कारण तिथली शपथ जास्त कडक, अशी लोकांची समजूत होती. एक ख्रिस्ती गृहस्थ एका ख्रिस्ती बाईला शपथेसाठी तिकडे ओढून नेत असताना आपण तिला सोडवले, असे योहान सांगतो. दाफ्ने या उपनगरातल्या यहुदी स्थानात आजारी माणसे गुण यावा म्हणून रात्री निजायला जात. हे सगळे बंद व्हावे म्हणून योहानाने आठ प्रवचने दिली. त्यांतली भाषा आज वाचवत नाही. सिनेगॉगला त्याने वेश्यागृह म्हटले, यहुद्यांना कत्तलीच्या लायकीच्या जनावरांच्या पंगतीला बसवले आणि तिकडे गेलेल्या ख्रिस्त्यांना शोधून माघारी आणा, असे श्रोत्यांना बजावले.

येशूला क्रुसावर खिळल्याला तोवर साडेतीनशे वर्षे होऊन गेली होती. दोन्ही धर्म पहिल्या शतकातच विभक्त झाले असतील, तर योहान अडवत कुणाला होता? एवढ्या आकांडतांडवाने जे बंद करायचे ते चालू असलेच पाहिजे. त्याच्या प्रवचनांचा खरा पुरावा त्यांतल्या शिव्यांत नाही. ज्यांच्यासाठी त्या दिल्या त्या माणसांच्या वागण्यात तो आहे. ही माणसे स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होती, रविवारी चर्चमध्ये जात होती आणि शिंग वाजले की शेजारच्या सिनेगॉगमध्येही जात होती. यात काही विसंगत आहे हे त्यांना वरून सांगावे लागत होते.

आरंभीचा ख्रिस्ती धर्म आणि यहुदी धर्म यांच्या नात्याविषयी आपल्याकडे जे शिकवले जाते ते फार सरळ आहे. जुना यहुदी धर्म, त्यातून निघालेला नवा ख्रिस्ती धर्म, मधे येशूचे क्रुसावरचे मरण, आणि मग दोघांच्या दोन वाटा. १९३४ मध्ये जेम्स पार्क्स या इंग्रज पाद्र्याने चर्च आणि सिनेगॉग यांच्यातल्या संघर्षावर ग्रंथ लिहिला. 'वाटा वेगळ्या झाल्या' ही कल्पना त्यानंतर अभ्यासकांत रुळली. २००३ मध्ये अ‍ॅडम बेकर आणि अ‍ॅनेट योशिको रीड यांनी संपादित केलेल्या लेखसंग्रहाच्या शीर्षकातच वाटा कधी वेगळ्या झाल्याच नाहीत, असे म्हटले होते. मला हे दुसरे टोकही पूर्ण पटत नाही. वाटा वेगळ्या झाल्या, आणि त्या तशा झाल्या यात काही पाप नव्हते. पण वेगळे होणे ही एक गोष्ट आणि तुच्छ लेखणे ही दुसरी. पहिली बहुधा टळणारी नव्हती. दुसरी टळू शकली असती. श्रद्धेतल्या अंतराने तिचा उलगडा होत नाही. ती जवळिकीतून आली. दोघांचा ग्रंथ एकच होता आणि त्यावरचा दुसऱ्याचा हक्क नाकारल्याखेरीज आपला हक्क सिद्ध होत नाही, अशी एकाची खात्री होऊन बसली होती.

येशूच्या काळातला यहुदी धर्म एकसंध नव्हता. इतिहासकार योसेफस परूशी, सदूकी आणि एसेनी असे पंथ सांगतो आणि रोमची सत्ता धुडकावणाऱ्यांचा चौथा प्रवाह वेगळा मोजतो. मेलेली माणसे पुन्हा उठतील हे परूशी मानत, सदूकी मानत नसत. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांनी आणखी एक गट समोर आणला. जेरुसलेमच्या मंदिराचा कारभार भ्रष्ट झाला आहे, देवाचा करार फक्त आपणच पाळतो आणि जगाचा शेवट जवळ आला आहे, असे तो मानत होता. तरी तो यहुदीच होता. अशा गर्दीत गालीलातून आलेला एक उपदेशक शब्बाथच्या दिवशी रोग्याला बरे करावे की नाही यावर परूश्यांशी वाद घालतो, मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथतो, देवाचे राज्य जवळ आले आहे म्हणून सांगतो. यहुदी धर्माच्या कक्षेबाहेरचे यात काहीच नाही. शब्बाथ कसा पाळावा यावर इतक्या पोटतिडकीने तोच बोलतो ज्याला तो पाळायचा असतो.

येशूनंतर त्याचे अनुयायी जेरुसलेममध्ये राहिले आणि मंदिरात जात राहिले. त्यांचा पुढारी येशूचा भाऊ याकोब. इ.स. ६२ मध्ये एक रोमन सुभेदार वारला आणि दुसरा अजून वाटेत होता. ती संधी साधून मुख्य याजक अनानसने याकोबाला दगडमार करवून ठार केले. पुढचा तपशील योसेफसने नोंदवला आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. नियमशास्त्राच्या बाबतीत काटेकोर म्हणून ज्यांची ख्याती होती, त्याच शहरवासीयांना हे कृत्य खपले नाही. त्यांनी राजाकडे निरोप धाडला, नव्या सुभेदाराला वाटेत गाठले, आणि अनानसचे पद गेले. येशूला मशीहा मानणाऱ्या माणसासाठी कर्मठ यहुदी उभे राहिले. 'यहुद्यांनी ख्रिस्ताला नाकारले' या एका वाक्यात पहिले शतक कोंबणाऱ्यांनी हा प्रसंग कधी विचारात घेतलेला दिसत नाही.

मग पौलाचे काय? नवा धर्म त्यानेच काढला, असे अनेकांना वाटते. पण पौलाला धर्म बदलायचा म्हटला तरी बदलून जायला त्या काळी दुसरा धर्म होता कुठे? येशू हाच मशीहा हे पटल्यावर त्याच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न परराष्ट्रीयांचा होता. इस्राएलाच्या देवाकडे वळणाऱ्या ग्रीक, सिरियन, गलती माणसांनी सुंता करून घ्यावी का? खाण्यापिण्याचे नियम पाळावेत का? पौलाचे उत्तर ठाम नकाराचे होते. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली तेव्हा तो त्यांच्या पंगतीतून उठला, बर्णबाही उठला, आणि पौलाने पेत्राला सर्वांसमोर धारेवर धरले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग आहे. वाद कडाक्याचा आहे, पण वाद घालणारे तिघेही यहुदी आहेत आणि विषय आहे यहुदी नसलेल्यांबरोबर कसे वागावे हा.

पुढे या पत्रांचे वाचन बदलले. सोळाव्या शतकात ल्यूथरने पौलात स्वतःचा झगडा वाचला आणि यहुदी धर्म म्हणजे कर्मे मोजून तारण विकत घेणारा कोरडा धर्म, असे चित्र तयार झाले. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स यांनी त्या काळच्या यहुदी ग्रंथांच्या आधारे दाखवून दिले की त्या धर्मात आधी देवाची कृपा आणि करार आहे, आज्ञापालन त्या कराराच्या आत राहण्यासाठी आहे. पॉला फ्रेड्रिक्सन यांनी पुढे आणखी एक गोष्ट ठसवली: शेवटच्या दिवसांत इतर राष्ट्रे इस्राएलाच्या देवाकडे वळतील ही संदेष्ट्यांची जुनी आशा होती, आणि ती राष्ट्रे यहुदी होऊन नव्हे, राष्ट्रे म्हणूनच वळायची होती. पौलाला तो शेवट अगदी दाराशी आलेला दिसत होता. हे ध्यानात घेतले की त्याचा सुंतेला असलेला विरोध यहुदी धर्माविरुद्धचा उरत नाही. रोमकरांस लिहिताना तर तो परराष्ट्रीयांनाच ताकीद देतो. ज्या जैतुनावर तुमचे कलम झाले त्याच्या मुळाचा आधार तुम्हाला आहे, तुमचा मुळाला नाही. तेव्हा फुशारकी मारू नका.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. येशूला देवत्व दिले तिथेच एकेश्वरी यहुद्यांशी काडीमोड झाला नाही का? मी म्हणेन, अंतर तिथे नक्की पडले, पण समजतात तितके मोठे नाही. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो देव आणि सृष्टी यांच्यामध्ये ईश्वरी शब्द कल्पत होता आणि त्याला दुसऱ्या देवाच्या जवळ नेऊन ठेवत होता. हनोखाच्या नावावर असलेल्या यहुदी ग्रंथात मानवपुत्र वैभवाच्या सिंहासनावर बसून न्याय करतो. स्वर्गात दोन सत्ता मानणाऱ्यांना रब्बींनी पुढे खोडून काढले, याचा अर्थ त्यांच्याच परिसरात तसे मानणारे होते. नवे होते ते हे की असे स्थान नुकत्याच मेलेल्या, रोमनांनी क्रुसावर चढवलेल्या एका माणसाला दिले गेले. बहुसंख्य यहुद्यांना ते पटले नाही. ही खरी फूट होती आणि ती प्रामाणिक होती. तिच्यातून मतभेद समजतो. एकाने दुसऱ्याला सैतानाचा हस्तक का ठरवावे, हे तिच्यातून समजत नाही.

इ.स. ७० मध्ये तीतसाच्या सैन्याने जेरुसलेम घेतले आणि मंदिर जाळले. त्या राखेतून दोन गट तगले. मंदिराविना धर्म कसा जगायचा याचे रब्बींनी एक उत्तर शोधले. नियमशास्त्राचा अभ्यास, प्रार्थना आणि घरचे जेवणाचे मेज हे त्याचे आधार होते, आणि सुमारे २०० साली यहूदा हनासीने सिद्ध केलेली मिश्ना हे त्याचे फळ. येशूच्या अनुयायांनी दुसरे उत्तर दिले: येशू हेच मंदिर, तोच बळी. म्हणजे आज आपण ज्याला यहुदी धर्म म्हणतो तो आणि ख्रिस्ती धर्म ही एकाच संहारातून वाचलेली, जवळपास एका वयाची भावंडे आहेत. आई आणि मुलगी हे नाते त्यांना लागू पडत नाही. शुभवर्तमाने याच काळात लिहिली गेली. त्यांतले परूश्यांवरचे कडवट शब्द म्हणजे भाऊबंदकीतले शब्द आहेत. वाटणीच्या वादात भाऊ भावाला जे बोलतो ते दोघांनाही कळते, पण तेच शब्द पाठ करून तिऱ्हाईत घरात शिरला तर घात होतो. मत्तयाने लिहिलेले तिऱ्हाइतांच्या हाती पडले.

कोण यहुदी आणि कोण नाही हे ठरवण्याची पहिली सरकारी गरज मात्र रोमला पडली, आणि तीही पैशासाठी. मंदिराला दरवर्षी जाणारी वर्गणी सम्राट वेस्पासियानने रोमच्या ज्युपिटर देवळासाठी वळवली. प्रत्येक यहुद्यामागे दोन द्राख्मा. डोमिशियानच्या कारकिर्दीत ती वसुली जाचक झाली. कर चुकवल्याच्या संशयावरून नव्वदीच्या म्हाताऱ्याची सुंता झाली आहे का हे भरकचेरीत उघडे करून पाहिले गेले, अशी आठवण सुएतोनियसने लिहून ठेवली आहे. ९६ साली नर्व्हाने हा जाच बंद केल्याचे नाण्यांवर कोरून जाहीर केले. आता यहुदी म्हणजे कर भरणारा, राजमान्य प्राचीन रिवाजाचा माणूस, आणि कर न भरणारा येशूभक्त म्हणजे कोणत्याही रिवाजात न बसणारा. सुमारे ११२ साली बिथिनियाचा सुभेदार प्लिनी ख्रिस्त्यांविषयी सम्राट ट्रेजनला लांब पत्र लिहितो तेव्हा त्यात यहुद्यांचा उल्लेखही येत नाही. मग १३२ ते १३५ या काळात बार कोखबाचे बंड झाले, हेड्रियानने ते चिरडले, जेरुसलेमच्या जागी एलिया कापितोलिना ही रोमन वसाहत वसली आणि यहुद्यांना तिथे पाऊल टाकायला मनाई झाली. तोवर जेरुसलेमच्या चर्चचे बिशप सुंता झालेले होते. त्यानंतर परराष्ट्रीय बिशप आला, असे चर्चचा इतिहासकार युसेबियस सांगतो.

येशूला मानणाऱ्यांत आता परराष्ट्रीयच बहुसंख्य होते. त्याचा परिणाम कसा झाला ते जस्टिनच्या लिखाणात दिसते. जस्टिन शोमरोनातला, ग्रीक तत्त्वज्ञानात मुरलेला. बंडानंतर त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद म्हणून त्याने मोठा ग्रंथ लिहिला. त्रिफो विचारतो, एखादा यहुदी ख्रिस्तावर विश्वास ठेवून नियमशास्त्रही पाळत असेल तर? जस्टिन म्हणतो, इतरांवर लादत नसेल तर तोही तरेल. पण काही ख्रिस्ती अशा माणसाबरोबर जेवायलाही तयार नसतात, हेही तो कबूल करतो. अंत्युखियातल्या त्या भोजनाला जेमतेम शंभर वर्षे झाली होती. तिथे परराष्ट्रीयांना पंगतीत घ्यायचे का हा प्रश्न होता. आता यहुद्याला घ्यायचे का हा प्रश्न झाला.

या सगळ्या इतिहासातला कळीचा माणूस मला मार्कियन वाटतो, जरी तो हरला. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपेचा हा श्रीमंत जहाजमालक रोमला आला आणि त्याने सरळ सुचवले की यहुद्यांचे शास्त्र आपल्याला नकोच. सृष्टी निर्माण करणारा, न्याय करणारा तो देव वेगळा, आणि येशूने दाखवलेला प्रेमळ पिता वेगळा. त्याने लूककृत शुभवर्तमान आणि पौलाची पत्रे यांची काटछाट करून एवढेच शास्त्र ठेवले. १४४ च्या सुमारास रोमच्या चर्चने त्याला बाहेर काढले. निर्णय योग्य होता, आणि त्याच्यावाचून चर्चला उत्पत्ती, स्तोत्रे, यशया यांना मुकावे लागले असते. पण त्या निर्णयाची किंमत कुणी चुकवली? मार्कियनचे चर्च टिकले असते तर त्याचा यहुद्यांशी काही संबंधच उरला नसता. तुमचे शास्त्र तुम्हाला लखलाभ. चर्चने ते शास्त्र आपले म्हटले, आणि ते ज्यांचे आधीपासून होते ती माणसे तर शेजारच्या गल्लीत जिवंत होती. तेच ग्रंथ मूळ हिब्रूत वाचत होती आणि त्यांचा वेगळा अर्थ लावत होती. त्यांचे असणे हाच चर्चच्या दाव्यावरचा आक्षेप होता. मग उत्तर तयार झाले: ते वाचतात पण त्यांना कळत नाही. ते आंधळे आहेत, देवाने त्यांना टाकले आहे, वारस आता आम्ही. जस्टिन त्रिफोला शास्त्रे तुमची नसून आमची आहेत असे ऐकवतो, ते याच गरजेपोटी.

सार्दिसच्या मेलितोमध्ये हे सारे एका माणसात दिसते. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला हा बिशप वल्हांडण यहुद्यांच्याच रात्री, निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला पाळत असे. आशिया प्रांतातल्या ख्रिस्त्यांची तशी परंपराच होती. जुन्या करारात नेमकी किती आणि कोणती पुस्तके येतात हे खात्रीने कळावे म्हणून त्याने पूर्वेकडे प्रवास केला, त्या घटना घडल्या त्या भूमीत जाऊन यादी आणली. ती यादी युसेबियसने जपून ठेवली आहे. आणि याच माणसाच्या वल्हांडणावरच्या प्रवचनात इस्राएलाने देवाचा वध केला, हा आरोप पहिल्यांदा इतक्या थेट शब्दांत येतो. हे प्रवचन हरवले होते. पपायरसवर सापडल्यावर १९४० मध्ये ते छापले गेले, जेव्हा युरोपात त्या आरोपाचा शेवटचा हिशेब चालू होता. ज्याने यहुद्यांची तिथी पाळली, ज्याने त्यांच्या पुस्तकांची यादी करण्यासाठी पायपीट केली, त्यानेच हे म्हणावे! अज्ञानातून द्वेष जन्मतो असे आपण समजतो. मेलितोकडे अज्ञान मुळीच नव्हते.

रब्बींनीही आपल्या बाजूने कुंपण घातले, हे सांगितलेच पाहिजे. तोसेफ्ता या रब्बींच्या संग्रहात एक कथा आहे. रब्बी इश्माएलच्या भाच्याला, बेन दामाला, साप चावला. याकोब नावाचा एक माणूस येशूच्या नावाने त्याला बरे करायला आला. रब्बीने परवानगी नाकारली. आपल्याला असे करता येते हे शास्त्राधाराने सिद्ध करतो, असे भाचा म्हणत असतानाच मेला, आणि मामाने कुंपण न मोडता मेलास म्हणून त्याला धन्य म्हटले. ही कथा आणि दाफ्नेच्या आजाऱ्यांविषयी योहानाची तक्रार मी शेजारी शेजारी ठेवून वाचतो. दोन्ही ठिकाणी आजारी माणसाला बरे व्हायचे आहे आणि दोन्ही ठिकाणी गुरू त्याला शेजाऱ्याच्या दारातून परत बोलावतो आहे. डॅनिएल बोयारिन यांनी २००४ च्या ग्रंथात असे मांडले की दोन्ही बाजूंच्या पाखंडशोधकांनी मिळून ही सरहद्द आखली. ते मला पटते. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की रब्बींच्या हाती फौज नव्हती.

सामान्य माणसे या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना ये-जा करत राहिली, याचे पुरावे आपल्याला मनाई-हुकमांतच शोधावे लागतात. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधल्या एल्विरा इथे जमलेल्या बिशपांनी ठरवले की जमीनदारांनी आपल्या पिकांना यहुद्यांकडून आशीर्वाद घेऊ नयेत, कारण मग आमचे आशीर्वाद फुकट जातात. त्याच शतकात लावदिकियाच्या परिषदेने शब्बाथला काम बंद ठेवणे आणि यहुद्यांकडून सणाची बेखमीर भाकर घेणे निषिद्ध केले. कुणीतरी भाकर देत होते आणि कुणीतरी घेत होते. एखाद्या ठिकाणी मातीनेही साक्ष दिली आहे. फुरात नदीवरच्या दुरा-युरोपस गावाला २५६ च्या सुमारास सासानी सैन्याने वेढा घातला, तेव्हा तट भक्कम करायला रहिवाशांनी त्याच्या लगतच्या इमारती मातीने भरल्या. त्यामुळे त्या टिकल्या. विसाव्या शतकात उकरल्यावर तटालगतच्या त्याच रस्त्यावर सिनेगॉग निघाले आणि थोड्या अंतरावर ख्रिस्त्यांचे प्रार्थनाघर. एकाच्या भिंतींवर मोशे, एलिया, एस्तेर. दुसऱ्यात आदाम आणि हव्वा, दावीद आणि गल्याथ, आणि खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ.

चौथ्या शतकात राज्यच ख्रिस्ती झाले. ३२५ च्या निकियाच्या परिषदेनंतर कॉन्स्टंटाइनने चर्चना पत्र पाठवून पुनरुत्थानाच्या सणाची तारीख यहुद्यांच्या गणनेवर ठरवण्यास मनाई केली. मेलितोची तिथी आता पाखंड झाली. ३८८ मध्ये फुरातकाठच्या कालिनिकम इथे बिशपच्या चिथावणीने जमावाने सिनेगॉग जाळले. सम्राट थिओडोसियसने ते बिशपच्या खर्चाने बांधून देण्याचा हुकूम काढला. मिलानचा बिशप अँब्रोज आडवा आला, हुकूम मागे घेतल्याशिवाय उपासना पुढे नेणार नाही म्हणून वेदीपाशी थांबला, आणि सम्राटाने माघार घेतली. यहुदी पंथाला कोणत्याही कायद्याने बंदी नाही, असे याच सम्राटाने ३९३ मध्ये पुन्हा बजावले. म्हणजे कायदा अजून त्यांच्या बाजूने होता. पण जाळणाऱ्याला शिक्षा होत नाही हे सर्वांनी पाहिले होते. आणि येशूला मानून नियमशास्त्रही पाळणारे जे नासरी अजून पूर्वेत तग धरून होते, त्यांच्याविषयी जेरोमने आगस्तीनला कळवले की दोन्ही व्हायच्या नादात ते दोन्हीपैकी काहीच नाहीत. येशूच्या पहिल्या अनुयायांसारखे जगणारे शेवटचे लोक अशा रीतीने दोन्ही घरांतून खारीज झाले.

यहुदी रीत पाळणे हा ख्रिस्त्याचा गुन्हा, ही योहानाच्या प्रवचनांतली कल्पना पुढे न्यायालयांत गेली आणि तिथून आपल्या किनाऱ्यावर उतरली. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसले, ते सुरुवातीला मुख्यतः पोर्तुगालहून आलेल्या, बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या यहुद्यांच्या वंशजांसाठी. गार्सिया द ओर्ता हा त्यांपैकीच एक. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, छुपी यहुदी म्हणून जाळले. १५८० मध्ये त्याचीही हाडे उकरून जाळली. शब्बाथ पाळणे, प्रायश्चित्ताचा उपास धरणे, डुकराचे मांस टाळणे अशा घरगुती गोष्टी पुरावा म्हणून धरल्या जात. यांतली प्रत्येक गोष्ट येशूच्या आईने आयुष्यभर पाळली असणार.

त्याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेला कुलाब्याच्या गावांत बेने इस्राएल हे यहुदी शतकानुशतके तेल गाळत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवत होते म्हणून शनवार तेली म्हणवले जात होते. एकोणिसाव्या शतकात मिशनरी त्यांच्याकडे आले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मराठीत आलेला जुना करार वाचून बेने इस्राएल आपल्या धर्मात अधिक पक्के झाले, ख्रिस्ती फारसे झाले नाहीत. एकच ग्रंथ दोघांच्या हाती होता आणि त्यावरून कुणाचे घर जळले नाही. कोकणात चर्चच्या हाती राज्य नव्हते, हे त्याचे मोठे कारण. म्हणूनच मला वाटते की द्वेष हा ग्रंथात दडलेला नव्हता. हक्काच्या भांडणाला सत्तेची जोड मिळाली तेव्हा तो मारक झाला.

ज्यूल इझाक या फ्रेंच इतिहासकाराची पत्नी आणि मुलगी आउश्वित्झमधून परतल्या नाहीत. त्याच वर्षांत लपतछपत त्यांनी येशू आणि इस्राएल यांवरचा ग्रंथ लिहिला. तो १९४८ मध्ये निघाला. १९६० मध्ये ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले, आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेने ख्रिस्तवधाचा दोष यहुदी समाजावरून उतरवला. मेलितोचा आरोप मागे घ्यायला जवळजवळ अठरा शतके लागली. मार्कियन मात्र अजून आपल्यात आहे. जुन्या करारातला देव सुडाचा आणि नव्यातला प्रेमाचा, हे मराठीतही सहज बोलले जाते, चर्चच्या आत आणि बाहेर, चांगल्या वाचणाऱ्या माणसांकडून. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातली आहे.

या आज्ञेचीच एक गोष्ट शुभवर्तमानांत आहे. मार्कमध्ये एक शास्त्री येशूला सर्वांत मोठी आज्ञा कोणती हे विचारतो. येशू दोन आज्ञा सांगतो, शास्त्री मनापासून दुजोरा देतो, होमबळींपेक्षा याच थोर म्हणतो, आणि तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस असे येशू त्याला सांगतो. काही वर्षांनी मत्तयाने हीच गोष्ट लिहिली तेव्हा शास्त्री परीक्षा पाहायला आलेला आहे, त्याचा दुजोरा गळला आहे आणि येशूची शाबासकीही. तेढ कशी वाढत गेली ते या दोन पानांवर दिसते. मंडळीपुढे वाचायला आणि मुलांना शिकवायला बहुतेक वेळा दुसरी गोष्ट निवडली गेली. पहिली त्याच पुस्तकात, मार्कच्या बाराव्या अध्यायात आहे, आणि ती आधी लिहिलेली आहे.